सावरून घेतलेलं वाक्य

प्रिय गजा,

तालीम अर्धवट टाकून घरी आलो आणि लिहायला बसलो. मेल्या माणसाला कोण पत्र लिहितं, डोकं फिरलं का तुझं, असं तू म्हणशील. फिरलंच असेल. आज तिसऱ्यांदा शेवटच्या प्रवेशात माझी वाचा बसली, आणि ती तुझ्यामुळे बसली.

गणपती आठ दिवसांवर आलेत. काशीतल्या दूधविनायकावरच्या आपल्या मराठी मंडळींना दुसरं नाटक चालत नाही, हे तुला काय सांगायचं! तेच जुनं प्रहसन. लाडवांच्या आशेनं भिकंभट आपल्याच मित्राविरुद्ध खोटी साक्ष देतो, लंबोदरपंत कोठडीत जातात. शेवटी खरं उघडकीला येतं, आणि कोतवाल पंतांच्या हाती छडी देऊन म्हणतो, "हवी ती शिक्षा करा." भिकंभट पाय धरतो: "पंत, मारा, पण आधी जेवू घाला!" पंत छडी फेकून त्याला पोटाशी धरतात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आपल्याआधी वाक्यं म्हणतात आणि तरी हसतात. वीस वर्षं तू भिकंभट आणि मी पंत.

यंदा तुझ्या जागी बँकेत बदलून आलेला नागपूरचा एक जण आहे. बरा करतो. पण तो पायाशी वाकला की मला तुझं टक्कल दिसतं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत तुझं ऐकू येतं. नाटकात नसलेलं ते वाक्य! मग मी नुसता उभा. आज तो हळूच म्हणाला, "काका, पुढचं तुमचं आहे." मला काय ते ठाऊक नाही?

सात वर्षं आपण बोललो नाही. म्हणजे नाटकापुरते बोललो. रंगमंचावर मिठी, आणि पडदा पडला की तू त्या बाजूनं, मी या बाजूनं. गल्लीत समोरासमोर आलो की एकानं भिंतीला चिकटायचं आणि दुसऱ्यानं आभाळ बघत जायचं. लोकांना त्याचंही हसू यायचं.

माझे वडील गेले त्या सकाळी तू आला नाहीस, एवढंच कारण. मणिकर्णिकेच्या स्मशानवाटेवरच तुझं घर. खांदा द्यायला परके आले, आणि तुझ्या दाराला आतून कडी! तेराव्याला मी चारचौघांत म्हणालो, "जेवायला मात्र हा भिकंभट येईल बघा." उचलली जीभ लावली टाळ्याला. तू खरंच आला होतास, जिन्यात उभा होतास. ऐकून तसाच परत गेलास.

आणि त्याआधीच्या त्या दुपारी? वडील दोन महिने अंथरुणाला खिळले होते. तू रेल्वेची ड्यूटी संपवून मुगलसरायहून थेट यायचास आणि त्यांच्या खाटेशी अख्खं प्रहसन एकटाच करायचास. कोतवाल तूच, पंत तूच, आईचं लुगडं डोक्यावर घेऊन पंतांची बायकोही तूच! वडील हसता हसता खोकायचे. आई म्हणायची, "पुरे रे गजा, जीव घेशील त्यांचा." त्यांना शेवटचं हसवलंस ते तू. मी तुला साधं 'बरं केलंस' एवढंसुद्धा म्हणालो नाही. दोन महिने विसरलो आणि एक सकाळ तेवढी धरून बसलो. जन्मभर मास्तरकी केली ना, चुकीखाली लाल रेघ ओढायची तेवढी सवय.

गेल्या गणपतीत किती वाळला होतास! रंग लावूनही लपत नव्हतं. शेवटच्या प्रवेशात तू पाय धरलेस आणि म्हणालास, "पंत, त्या दिवशी मी आलो नाही. पाऊलच उचललं नाही माझं. मला..."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, गजा वाक्य विसरला, आजारी माणूस, सावरून घ्यावं. मी हात उंचावून ओरडलो, "कळलं, कळलं! मारा, पण आधी जेवू घाला, हेच ना रे भिकंभटा?" असा हशा पिकला! मास्तरांनी काय सावरून घेतलं, असं जो तो म्हणाला, आणि मीही महिनाभर मिरवलं. मिठीत घेतलं तेव्हा तू नेहमीसारखी पोटानं ढुशी मात्र दिली नाहीस. नुसता टेकून राहिलास.

पण गजा, तू विसरलास असं मला खरंच वाटलं होतं का? वीस वर्षांत एक शब्द न चुकलेला तू? की मला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि माफ करावं लागू नये म्हणून मी लोकांना हसवलं? देवाशप्पथ, मला माहीत नाही. हेच मला खातं आहे.

दिवाळीनंतर तू गेलास. तुझा विनू स्वतः आला होता. "काका, बाबा नाही राहिले. नऊ वाजता निघायचंय." मी हो म्हटलं, सदराही चढवला. मग 'राम नाम सत्य है' गल्लीत शिरलं आणि मी खिडकी लावून घेतली. फिटंफाट, असं मनात म्हटलंसुद्धा! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो हा असा.

माघात वहिनी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर भेटल्या. हातात तांब्या, धाप लागलेली. "भावजी, तुम्ही आला नाहीत. खबर पोचली नाही का?"

"नाही हो वहिनी. कुणी कळवलंच नाही."

त्यांनी विश्वास ठेवला. "विनूला सांगितलं होतं मी. एवढं एक काम नाही झालं त्याच्यानं!" मग पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या वेळी यांनाही फार लागलं होतं. पण काय करणार, यांना तिरडीची, अर्थीची दहशत. लहानपणी बापाला खांदा देताना घाटावर चक्कर येऊन पडले होते. तेव्हापासून गल्लीत 'राम नाम' ऐकू आलं की कडी लावून, कान दाबून बसायचे. शरम वाटायची, म्हणून कुणाला बोलले नाहीत."

मणिकर्णिकेच्या उशाशी जन्म काढलास तू! दिवसातून किती वेळा कडी लावत होतास रे? मी एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि तू सांगितलं असतंस तर मी काय हसलो असतो? हसलो असतो, गाढवा. म्हणूनच सांगितलं नाहीस ना?

विनूनं आईची बोलणी खाल्ली, पण मी खोटा आहे हे तिला सांगितलं नाही. वहिनी अजून मायेनं विचारपूस करतात, त्यावरून कळतं. पोरगा मला बघून मान खाली घालतो. लाज माझी, आणि मान त्याची खाली.

आज वाटलं, यंदा मीच भिकंभट व्हावं, पाय धरावेत आणि तुझंच वाक्य म्हणावं. मग वाटलं, पुन्हा नाटकाच्या आडून? तू तशी माफी मागून पाहिलीस. काय मिळालं तुला?

तेव्हा गजा, शब्द देतो. उद्या सकाळी वहिनी गंगेवरून परतल्या की मी तुझ्या घरी येईन. विनूला समोर बसवून सांगेन की तो आला होता, मी खोटं बोललो, आणि तू दारावरून गेलास तेव्हा मी खिडकी लावून घरात बसलो होतो. वहिनी काय म्हणतील ते मला पाठ नाही. दार लावून घेतलं त्यांनी, तर बाहेरून सांगेन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि विनू मला सांभाळून घ्यायला गेला, तर त्याला म्हणेन, गप्प बस बाळा, मला बोलू दे.

तुझा,
सदू