मैदानाकडे पाठ

माय, तुझी नात आज अकोल्यात मॅच खेळली. फुटबॉलची. पोरी फुटबॉल खेळतात आता, उगाच कपाळाला हात लावू नको. अमरावतीला मी शिकलो त्याच कॉलेजात शिकते ती, आणि त्या कॉलेजनं यंदा पहिल्यांदा पोरींची टीम काढली. त्यात ही गोलकीपर. एवढं मोठं मैदान पडलं होतं, पण हिला नेमकं तिथंच उभं राहायचं होतं जिथं सगळे धावत अंगावर येतात. मागच्या महिन्यात सरावात एका पोरीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला आणि ही बराच वेळ उठलीच नाही. डॉक्टरनं सगळं तपासलं, विश्रांती घ्यायला लावली, मग म्हणाला, खेळू द्या, काही होत नाही. त्याचं काय जाते म्हणायला! मला तेव्हापासून धड झोप नाही. हिची आई म्हणते, "तुमी खुद खेळले ना एवढे, मग तुमीच काहून भिऊन राहिले?" खुद खेळलो म्हणूनच भितो, हे तिला कसं सांगू.

आमचं ते मैदान तुला आठवत असेल, पण बाहेरूनच. कॉलेजच्या व्हरांड्यात टीमचे फोटो ओळीनं लावलेले होते. सगळ्यात जुन्या फोटोतली पोरं अनवाणी, त्यानंतरची कॅनव्हासच्या बुटांत, आणि आमच्या फोटोत मी मधल्या रांगेत, उसन्या बुटांत. पुढं क्रिकेटनं सगळं खाल्लं आणि काही वर्षं त्या भिंतीवर नवा फोटोच लागला नाही. जमीन काळी, पावसात बूट गिळायची आणि उन्हाळ्यात भेगेत पाय अडकवून पाडायची. मॅचच्या दिवशी सकाळपासून चुन्याच्या फक्कीनं रेषा आखायचे, दुपारी ढोल यायचा, आणि भोंग्यावर आमचे मराठीचे सर बसायचे. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलायचे असं की ऐकत राहावं. अकोल्याची टीम आली की पायऱ्या भरून पोरं भिंतीवर चढायची, आणि अकोलेवाले स्वतःचा ढोल घेऊन यायचे. गेटबाहेर तू. टोपल्यात आपल्या मळ्यातले पेरू, आणि वर ओल्या फडक्यात जिंकणाऱ्या कॅप्टनसाठी झेंडूचा एक हार. मी एकदा विचारलं, दोन काहून नाही करत? तर तू म्हणाली, "दोनी जितते का रे बयताडा?"

आणि बसायची कशी, तर मैदानाकडे पाठ करून. माझे दोस्त हसायचे, म्हणायचे, तुही माय पोराची मॅच सोडून रस्त्यावरच्या सायकली पाहते. तू त्यांनाही सांगितलं होतं, "मले नाई पाहवत बाप्पा. आयकू येते ना सारं." आणि खरंच तुला सारं कळायचं. बॉल वरून गेला की लांब अरेरे, कोणी कोणाला पाडलं की शिव्या, गोल झाला की ढोल. "आरडाओरडा होऊन राहिला ना, मंग पोट्टे धडधाकट हायेत," तू म्हणायची. "आवाज बंद झाला का समजाव, कोनाचं तरी पोरगं उठून नाई राहिलं." मी गोल मारून नाचत बाहेर यायचो, पाहिला का माय? तू पेरू पुसत म्हणायची, "नाई पाहिला. आयकला." मला असा राग यायचा! साऱ्या गावानं पाहिला आणि हिनं ऐकला. दोनदोन दिवस मी तोंड फुगवून बसायचो.

मग ती अकोल्याबरोबरची मॅच. मी हेडर मारायला उडालो आणि गोलच्या खांबावर जाऊन आदळलो, हे मला लोकांनी सांगितलं. मला आठवते ते फक्त आभाळ आणि शांतता. सरांचा भोंगासुद्धा चूप. पोरांनी उचलून गेटबाहेर आणलं तेव्हा तू दोन्ही हातांनी गेटचे गज धरून उभी होती, डोळे घट्ट मिटून. पेरू सगळे रस्त्यावर पसरलेले, आणि तो हार एक गाय निवांत खाऊन राहिली होती. मी माय म्हटलं तेव्हा तू डोळे उघडले, आणि सगळ्यांसमोर एक थापड मारली. "लवकर उठाले काय झालं होतं तुले?" पोट्टे हसले, मीही लाजून हसलो. घरी येईपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाही. हळदीचं दूध दिलं, ते अर्धं माझ्या अंगावरच सांडलं. मला वाटलं, तू रागावली आहेस.

आज अकोल्याचं स्टेडियम पाहिलं असतं तर तू बोटं तोंडात घातली असती. सिमेंटच्या पायऱ्या, हिरवं गवत, गाण्यांचा धिंगाणा, जो तो मोबाइल उंच धरून. ढोल मात्र तसाच. हाफ टाइमपर्यंत मी कसाबसा बसलो. बॉल पोरीकडे आला की मी तिच्या आईचा खांदा दाबायचो, शेवटी ती वैतागली, "जा तिकडं बाहेर, खांदा मोडता का माहा?" मी गेलो. गेटबाहेर रसवंती होती, तिच्या भिंतीकडे तोंड, मैदानाकडे पाठ करून उभा राहिलो. आणि माय, मला सारं कळायला लागलं! अरेरे, शिव्या, पुन्हा अरेरे. मग अचानक मोठा गलका उठला, "एकटीच हाय, एकटीच हाय, मार!" आणि सगळं बंद. ढोल बंद. रसवंतीच्या चाकाचे घुंगरू तेवढे वाजून राहिले होते. माझे हात गेटच्या गजांवर कधी गेले मला माहीत नाही. डोळे मिटले होते. रसवाला म्हणाला, "काय झालं भाऊ?" मी गज आणखी घट्ट धरले. किती वेळ गेला देव जाणे. मग शिटी वाजली, टाळ्या झाल्या, ढोल सुरू झाला. कोणाचा ढोल तेही मला कळलं नाही.

मॅच बरोबरीत सुटली. पोरगी आपल्या पायांनी चालत बाहेर आली, कपाळाला माती, ओठ थोडा फुटलेला. "पप्पा, पाहिलं ना? त्या पोरीच्या पायातून बॉल काढला मी! सारं ग्राउंड चूप झालं होतं!" माझा हात वर गेला होता, खरं सांगतो. तो मी तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "पाहिलं ना बेटा, झकास." तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पोरीची बॅग उचलली.

आता इथं अकोल्यातच, जठारपेठेतल्या आमच्या घरी हे लिहून बसलो आहे. पाठवणार कुठं? तू होती तोवर तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो. पुढची मॅच अमरावतीला आहे, तुझ्या त्याच गेटच्या आत. पोरीनं बजावलं आहे, पप्पा, पहिल्या पायरीवर बसायचं. मी हो म्हणालो खरा. तू निदान तोंडावर सांगायची, नाही पाहिला म्हणून. माझी तेवढी हिंमत झाली नाही. नाही पाहिलं माय. आयकलं.