निकाल लिहायचा नाही

६ जानेवारी, सोमवार
शनिवारी मी कांबळेबाईंच्या अंगावर पत्ते भिरकावले. म्हणून ही वही.
दोन एक्के हातात असताना हरले, एवढेच निमित्त. एकतीस वर्षे शाळेत शिस्त लावली, शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. आणि डाव तरी कशाचा, चिंचोक्यांचा.
शेख सर काल घरी आले. (कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मला, कांबळेबाईंना आणि नलूताईंना पोकर त्यांनीच शिकवले.) "बाई, वही ठेवा. नाहीतर महिनाभर खुर्ची सोडा." पद्धत अशी : मोठा डाव लावण्याआधी लिहायचे. हातात काय आहे, काय माहीत आहे, लावायचे ते का. निकाल लिहायचा नाही.
"निकाल का नाही?"
"कारण तुम्ही तेवढाच बघता."

७ जाने., मंगळवार
नलूताईंकडे, दुपारी तीन. आधी माफी मागितली. कांबळेबाई : "लागलं काही नाही मॅडम. बदामची राणी चहात पडली, तेवढं बघा." नलूताई : "वही आणलीत? छडीपण आणायची होती."
राजा-राणी, दोन्ही इस्पिक. दोघी बिचकून खेळताहेत. लावते.
राजा-दश्शी. कांबळेबाई मघापासून गप्प आहेत, म्हणजे पाने चांगली. डाव सोडते.
लिहिताना हात थांबतो. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. नेहमीचाच, शांत. "दिलीप येऊ दे."
ह्यांना जाऊन दीड वर्ष झाले. मोठा डाव लावायला गेले की आवाज येतो. शनिवारीही आला होता. सरांना सांगितलेले नाही. कोणालाच नाही.

११ जाने., शनिवार
सकाळी चांदवडहून दिलीपभावजींचा फोन. माझे धाकटे दीर.
"वहिनी, फाईल सापडली का?"
"नाही अजून. बघते."
ह्यांच्या ऑपरेशनची फाईल. मुंबईच्या कोणा ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायची आहे, घाई झाली का ते विचारायला. दर दोन-तीन महिन्यांनी फोन करतात. आवाज चढवत नाहीत, तेच जास्त लागते. फाईल माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. पहिल्या दिवसापासून तिथेच.
दुपारी खेळायला गेले ती धुमसतच. प्रत्येक डाव लावला. तिसऱ्या डावापुढे कारण लिहिले : रागाने.
सरांनी वाचले. "कारण वाईट आहे. पण वहीतलं पहिलं खरं कारण आहे."

१४ जाने., मंगळवार, संक्रांत
तिळगूळ झाला. सरांनी आज खेळू दिले नाही. मला दोन एक्के दिले, कांबळेबाईंना दोन अठ्ठ्या, आणि बाकीची पाने पिसून पुनःपुन्हा मांडायला लावली. चाळीस वेळा. एक्के सात-आठदा तरी हरले.
"बघितलंत? चूक काहीच नव्हती, तरी हरले. एका डावाकडे बघू नका. हजार डावांकडे बघा."
मी विचारले, "जे एकदाच होतं त्याचं काय?"
सर पाने गोळा करू लागले. नलूताई : "घ्या, सर निरुत्तर. वडी घ्या एक."
निघताना जिन्यात सर म्हणाले, "एकदाच होतं तिथे निकालावरून काहीच ठरत नाही, बाई. जिंकलात तरी नाही. तिथे फक्त कारण तपासता येतं."
मफलर विसरून आले. थंडी फार.

१८ जाने., शनिवार
मोठा डाव हरले. उठले, पाणी प्याले, पुढचे दोन डाव बसून पाहिले, मग परत पाने घेतली. राग आला नाही. सर म्हणाले, हीच सवय. हिला वर्षे लागतात.
वाटले होते, राग गेला की आवाजही जाईल. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. "दिलीप येऊ दे, मग सही कर."
एवढेच बोलले होते. हॉस्पिटलात, दुपारी.

२१ जाने., मंगळवार
गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवले. दुखत नव्हता.
वहीत त्या सहीबद्दल लिहायला बसले. सरांच्याच पद्धतीने.
काय माहीत होते : हृदयाच्या दोन नळ्या बंद. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनने बहुतेकांना बरे वाटते, औषधांवर किती काळ निघेल सांगता येत नाही. हेही म्हणाले होते, उद्या सकाळपर्यंत थांबलात तरी चालेल. भावजी चांदवडहून निघाले होते, तासा-दीड तासात पोचणार होते.
काय केले : ते यायच्या आत सही केली.
का :
(इथे चहा केला. मग देवाजवळचे तांबे घासले. स्वच्छ होते.)
का : भावजी आले असते तर म्हणाले असते मुंबईला नेऊ, दुसरा डॉक्टर बघू. ह्यांनी मान डोलावली असती. सगळे पुन्हा पहिल्यापासून. अकरा दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. मला वाद नको होता. मला ते संपायला हवे होते.
तिसऱ्या दिवशी

ते लिहायचे नाही.

२५ जाने., शनिवार
सरांना ती पाने दाखवली. चष्मा पुसून दोनदा वाचली.
"ऑपरेशन बरोबर की चूक, मला कळत नाही. बहुधा बरोबरच. मी असतो तर मीही सही केली असती."
"भावजी पोचायच्या आधी?"
"नाही."
गोड बोलले असते तर वही त्यांच्या अंगावर भिरकावली असती.
मग म्हणाले, "ही पाने माझ्यासाठी नाहीत, बाई."

२८ जाने., मंगळवार
एक्के पुन्हा हरले. पाणी प्याले. कांबळेबाई : "मॅडम, पत्ते हातातच आहेत ना? बघा बरं." मी हसले. नलूताई म्हणाल्या, तारीख लिहून ठेवा.
घरी येऊन भावजींना फोन केला.
"सापडली, वहिनी?"
"हरवली नव्हती."
मागे टी. व्ही. चालू होता, तो कोणीतरी बंद केला.
"रविवारी येतो."

२ फेब्रुवारी, रविवार
भावजी दहा वाजता आले. चपला काढून बाहेरच उभे राहिले, मी या म्हणेपर्यंत. पूर्वी थेट स्वयंपाकघरात यायचे. पोहे केले होते, घेतले नाहीत. पाणी घेतले.
म्हणाले, "मी त्या दिवशी पिंपळगावपर्यंत, निम्म्या वाटेत आलो होतो. तिथे तुमचा फोन आला, सही झाली म्हणून." मला माहीत होते. इतकी वर्षे त्या रस्त्याने जातात, कुठे असतील ते मला कळत होते.
पाने वहीतून फाडून दिली. "हे आधी वाचा. मग फाईल डॉक्टरांना दाखवा." समोर वाचली नाहीत. घडी केली, खिशात घातली. फोन करतो म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही.

श्री. दिलीप यांना दिले, सकाळी १०.४० :
हॉस्पिटलची फाईल, एक, पूर्ण.
अँजिओग्राफीची सीडी, एक.
माझ्या सहीच्या संमतिपत्राची प्रत. वेळ त्यावर आहे, ३.२५.
वहीतली दोन पाने, २१ जानेवारीची. प्रत ठेवलेली नाही.