आईला दोनदा विचारलं

एल्म क्रीक, मिनेसोटा
९ जानेवारी १९८४

चि. सौ. लव्हॉन हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिते, कारण पत्र तसंच सुरू करतात. थंडी अशी पडली आहे की गाडीचं इंजिन रात्रभर विजेवर गरम ठेवावं लागतं, आणि तरी सकाळी ती माझ्यासारखीच कुरकुरत उठते.

‘दोन आठवडे ऊन खाऊ दे’ म्हणत तू आईला पाम स्प्रिंग्जला नेलंस. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, आई तिकडेच. चर्चच्या तळघरात लेफ्से लाटायला तिच्या जागी पाद्रीणबाई उभ्या राहिल्या. बटाट्याच्या पोळ्या कसल्या, पुठ्ठे नुसते! सगळ्यांनी ‘वेगळ्याच झाल्यात’ म्हणत निमूट गिळल्या. मग प्रत्येकीने मला विचारलं, बोर्गहिल्ड कधी येणार? काय सांगणार होते मी? की माझ्या बहिणीला आणि जांभळी विजार घालणाऱ्या तिच्या नवऱ्याला गोल्फला एक गडी कमी पडत होता, म्हणून त्यांनी माझी आई पळवली?

तिने घर विकलं ते माझ्याकडे राहायला यायचं म्हणून. तिची खोली मी रंगवून ठेवली आहे. तुझे ओर्विलभावजी गेल्यापासून या घरात मी आणि रेडिओ, दोघंच बोलतो. महिना संपायच्या आत तिला विमानात बसवून दे.

वेंडेलरावांना नमस्कार सांग, विजारीसकट. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.
तुझी ताई,
आर्डिस

*

पाम स्प्रिंग्ज
१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पाकीट फोडताना हात भाजला नाही, हे नवल.

आईला कोणी पळवलेली नाही. तिला मी स्वतः विचारलं की ताईकडे परत जायचंय का. ती म्हणाली, छे, कशाला उगीच तुम्हाला त्रास. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हाही नाहीच म्हणाली. आता काय तिच्या तोंडात ‘हो’ कोंबू?

आणि तिने का यावं ते सांग. तुझ्याकडे बर्फावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घ्यायला? इथे ती सकाळी उन्हात बसून अंगणातलं पपनस खाते आणि मग ओपलबरोबर नऊ होल खेळते. ओपल म्हणजे इथलीच एक बाई, जन्मभर शाळेची बस चालवायची. आईचा फटका लांब जात नाही, पण जातो सरळ. वेंडेलचा जातो लांब, शेजाऱ्यांच्या पोहायच्या तलावात. तिच्या बोटांची सूज उतरली आहे. तुला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण तुला आई बरी व्हायला नकोच आहे, तुला ती सोबतीला हवी आहे. एकटेपणाला औषध लागतं हे मला कळतं. पण औषध म्हणून आईला कपाटात ठेवायचं नसतं.

राग मानू नये असं लिहिणार होते. मान.
तुझी,
लव्हॉन

*

एल्म क्रीक
२५ जानेवारी

लव्हॉन,
आशीर्वाद आज लिहीत नाही. जमले तर पुढच्या पत्रात.

दोनदा! दोनदा विचारून तू लेखी कळवतेस की आई नाही म्हणाली? वाळवंटात डोकं तापलंय तुझं. कुणाची मुलगी आहेस तू? आपल्याकडे पहिलं ‘नाही’ म्हणजे रीत आणि दुसरं म्हणजे संकोच. खरं उत्तर तिसऱ्यांदा मिळतं. बाबांनी आईला मागणी घातली ती तिसऱ्यांदा पदरात पडली. घरी आलेल्या माणसाला कॉफी तीनदा विचारली नाही, तर तो तहानलेला घरी जातो आणि आपली गावभर नाचक्की होते. हे तू विसरलीस? विसरली नाहीस. तुला ठाऊक होतं की तिसऱ्यांदा विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणून दोनवर थांबलीस. आपल्या आईशी असला कावा करतात का गं? लाज वाटते मला तुझी.

हिंमत असेल तर विचार तिसऱ्यांदा.
आर्डिस

*

पाम स्प्रिंग्ज
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
न. वि. वि. विचारलं. काल हिरवळीवरून परतताना, गोल्फच्या गाडीत, वेंडेलच्या साक्षीने. आईने थोडा विचार केला आणि नाही म्हणाली. तिसऱ्यांदा. आता तुझ्याच कायद्याप्रमाणे हे खरं उत्तर झालं. खोलीला दुसरा रंग दे आणि भाडेकरू ठेव.

जिंकल्याचा आनंद लपवता येत नाही, क्षमस्व.
लव्हॉन

*

पाम स्प्रिंग्ज
१२ फेब्रुवारी

चि. आर्डिस आणि चि. लव्हॉन यांस,
आईचे आशीर्वाद, दोघींना सारखे. मध्ये कार्बन घालून लिहिते आहे, म्हणजे कुणाला जास्त लिहिलं यावरून तरी भांडणार नाही. लव्हॉन, मी बॅग उचलून निघून गेल्याचं तुला कळलं तेव्हा तू पोलिसांना फोन करणार होतीस म्हणे. नको करूस. मी दोन रस्ते पलीकडे आहे.

तुमची पत्रं मी वाचली. लव्हॉन आलेली आणि धाडायची, दोन्ही टेबलावर टाकते आणि मला चष्मा आहे. वाचून अतिशय वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या दिवशी गाडीत लव्हॉनने तिसऱ्यांदा विचारलं ते मला विचारलंच नव्हतं, ते आर्डिसला उत्तर होतं. विचारताना ती वेंडेलकडे बघत होती. म्हणून मी नाही म्हटलं, आणि खरंच नाही म्हटलं.

आर्डिस, तू खोली रंगवलीस. लव्हॉन, तू तिकीट काढलंस. पण ‘आई, माझ्याकडे राहतेस का?’ असं तुमच्यापैकी एकीनेही मला विचारलं नाही. तीनदा सोडा, एकदाही नाही. कपाट कुठे ठेवायचं ते ठरवतात तसं तुम्ही ठरवलंत. आर्डिस, ओर्विलमागे तुला घर खायला उठतं हे मला कळतं गं. पण ते तू लव्हॉनला लिहिलंस. मला लिहायचं होतंस.

इकडच्या माणसांना आपली रीत ठाऊक नाही. पहिल्या दिवशी ओपलने मला सोललेलं पपनस पुढे केलं. मी म्हटलं, छे छे, कशाला. तर बाईने ते सगळं स्वतःच खाल्लं! पुढचे नऊ होल मी ती पुन्हा कधी विचारते याची वाट बघत, उपाशी आणि चिडलेली खेळले. तिला पत्ताच नाही. नाही म्हणजे नाही, असं समजणारी बाई आहे ती.

ती गोल्फच्या मैदानामागे ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, एकटी राहते. मंगळवारी खेळ संपल्यावर बूट झटकता झटकता तिने विचारलं, की मागची खोली रिकामी आहे, येतेस का राहायला.

एकदाच विचारलं. ती दुसऱ्यांदा विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. मी लगेच हो म्हटलं.

तुमची,
आई