मौनाच्या सोमवारी केलेली शिवीगाळ

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
महिला संरक्षण व समुपदेशन कार्यालय,
तालुका पिंपरकोंड, महाराष्ट्र.

विषय : मुलाकडून खोटा माफीनामा लिहून न घेणेबाबत व नातीची भेट मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, पुढील तारीख ३१ जानेवारी २०२५.

अर्जदार : श्रीमती शारदाबाई कृष्णमूर्ती सुळाखे, वय ६४, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू.

महोदया,

"आजी, तोंडी काही सांगत बसू नका. जे काय असेल ते कागदावर आणा." मागच्या तारखेला आपल्या लिपिकांनी मला असे बजावले. त्याप्रमाणे कागदावर आणले आहे. कोणाविषयी वाईट बोलायचे नाही असा माझा नेम आहे. हा अर्ज तीन दिवस लिहिते आहे आणि तिन्ही दिवस तो नेम मोडला आहे. त्याचे प्रायश्चित्त मी घरी घेईन. आपण फक्त वाचावे.

१. नोटीस मी, माझा मुलगा सुधींद्र व माझे यजमान कृष्णमूर्ती अशा तिघांच्या नावे आली आहे. माझी सून सौ. नयना हिच्या तक्रारीत लिहिले आहे की लग्नानंतर सासऱ्यांनी "माहेरहून फ्रीज आण" म्हणून तिला दोन दिवस उपाशी ठेवले. लग्न २०१६ साली झाले. माझे यजमान २०१३ साली वारले. त्यांनी सुनेचे तोंडही पाहिलेले नाही. हे मी आपल्या लिपिकांना सांगितले, तेव्हा त्यांनी हजेरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे "गैरहजर, कारण कळविले" असे लिहिले. ते ३१ तारखेलाही येऊ शकणार नाहीत, हे याद्वारे पुन्हा कळवते. नयनाचा भाऊ वकिलाकडे कारकून आहे. त्यांच्याकडे तक्रारीचा तयार नमुना असतो, त्यात सासऱ्याची जागा असते, ती भरली, एवढेच झाले असावे.

२. तक्रारीतील मुख्य आरोप असा : दि. १२ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी आठ वाजता पतीने उजव्या हाताने गळा दाबला व "सासूने मोठमोठ्याने अर्वाच्य शिवीगाळ केली."

तो श्रावणातला सोमवार होता. गेली एकोणीस वर्षे मी दर सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन धरते. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाला सोमवारी मला "काय हवे अम्मा?" असे विचारत नाही, नुसती टोपली पुढे करतो. नयना आठ वर्षे त्या घरात राहिली. दर सोमवारी माझ्या खुणा तिनेच समजून घेतल्या. पण तक्रार भावाने लिहिली आणि तिने सही केली. वार कोणता, हे दोघांनीही पाहिले नाही. तेरा तारीख टाकली असती तर मी काय सिद्ध करणार होते?

आपल्या लिपिकांनी यावर विचारले, "मौनाचा दाखला आहे का?" असा दाखला कुठले कार्यालय देते ते माहीत नाही. परंतु सोमवारी काही सांगायची वेळ आली तर मी ते वहीत लिहून दाखवते. त्या वहीची त्या दिवसाची दोन पाने सोबत आहेत. ती जोडावी की नाही, यावर मी फार विचार केला. कारण कलम ४ मध्ये येईल.

३. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, नयनाने सुधींद्रचा उजवा हात लोखंडी कपाटाच्या दारात चेपला. ती नेहमीसारखी रागावली होती. त्याचा हात दारात असताना तिने दार लावले, तो ओरडला तरी दाबून धरले. हे मी डोळ्यांनी पाहिले. भांडी घासायला येणाऱ्या यल्लव्वानेही पाहिले. दोन बोटे मोडली. सुधींद्र चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, त्याला त्याच बोटांचे काम. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचा एक्स-रे निघाला. त्यावर वेळ छापलेली आहे. म्हणजे ज्या हाताने ज्या वेळी गळा दाबला असे लिहिले आहे, तो हात त्या वेळी मोडलेल्या बोटांसह दवाखान्यात होता.

ही पहिली वेळ नव्हती. दंडाला चावणे, तापलेला झारा फेकून मारणे, रंजितासमोर थोबाडीत देणे, हे चार वर्षे चालले होते. रंजिता माझी नात, वय सात. बापाला मारले की ती पोर टीव्हीचा आवाज वाढवायची.

४. आता जे मला लिहायचे नव्हते ते लिहिते. दवाखान्याच्या कागदावर "वाऱ्याने दार लागून अपघात" असे आहे. आपण तेच आमच्यावर उलटवाल. ते सुधींद्रने आपल्या मनाने सांगितलेले नाही. सोबतच्या वहीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : "वाऱ्याने दार लागले म्हण. बायकोने मारले असे सांगू नकोस. पुरुषाला लोक हसतात." चार वर्षे मी त्याला हेच शिकवले. हळद लावली आणि गप्प बसवले. मी शिव्या दिल्या नाहीत याचा पुरावा तोच, आणि मी मुलाला खोटे बोलायला लावले याचा पुरावाही तोच. आपणास माझ्यावर कलम लावायचे असल्यास ते लावावे. या प्रकरणातले तेवढे एकच खरे ठरेल.

५. नयना रंजिताला घेऊन माहेरी, आपल्या तालुक्यात, गेली. त्यानंतर सुधींद्र माझे न ऐकता आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेला. हाताला प्लास्टर होते. तिथल्या हवालदाराने विचारले, "हेंडती होडेदळा, सार?" म्हणजे बायकोने मारले का. मग आतल्या दोघांना बोलावून त्याने पुन्हा तेच वदवून घेतले. तिघे पोट धरून हसले. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," म्हणजे जरा जुळवून घ्या, असे सांगून त्याला चहा पाजून घरी पाठवले. कागदावर एक ओळ लिहिली नाही.

महोदया, खरोखर मार खाणाऱ्या बायका नाहीत, असे मी म्हणत नाही. यल्लव्वाचा नवरा तिला पट्ट्याने मारत असे. तिला त्याच ठाण्यात मी हाताला धरून नेले होते. तिलाही "अ‍ॅडजस्ट माडी" हेच ऐकवले, फक्त तिला चहा मिळाला नाही. वळ दाखवणाऱ्या यल्लव्वाची तक्रार नाही, प्लास्टर दाखवणाऱ्या सुधींद्रची तक्रार नाही, आणि वकिलाच्या कारकुनाने नमुना भरला की मेलेल्या माणसालाही नोटीस. आपली नोटीस दोन दिवसांत निघाली.

६. मागच्या तारखेला मी आपल्यापुढे झारा व कपाट सांगू लागले, तेव्हा आपण हसून म्हणालात, "अहो आजी, बाई चिडली असेल. पुरुषाच्या जातीला एवढे काय लागते?" मी त्या दिवशी सकाळपासून उपाशी होते, तरी ते नीट ऐकले आहे. पुरुषाने हात उचलला की गुन्हा आणि बाईने बोटे मोडली की चिडली असेल, असे आपल्या कायद्यात कुठे लिहिले आहे ते पान मला दाखवावे. सुधींद्रने तक्रार कुठे द्यायची विचारले, तर लिपिक म्हणाले, "पुरुषांचा फॉर्म इथे नसतो." मग त्याचा माफीनामा लिहून घ्यायचा फॉर्म तरी इथे कसा असतो?

कारण त्याच बैठकीत आपण त्याच्यापुढे तो छापील माफीनामा ठेवलात. "मी पत्नीस मारहाण केली, पुन्हा करणार नाही." सही केली तर महिन्यातून दोनदा मुलीची भेट, नाही तर प्रकरण कोर्टात. पाच महिने त्याने पोरीला पाहिलेले नाही. तो मला म्हणतो, "आई, सही करतो. खोटे बोलायची मला सवय आहे."

तरी विनंती :
(अ) ३१ तारखेला माझा मुलगा स्वतः होऊन सही करायला तयार झाला, तरी आपण ती घेऊ नये.
(आ) नातीची भेट कोणत्याही कबुलीच्या बदल्यात नको, सरळ द्यावी.
(इ) यल्लव्वाचा जबाब घ्यावा. ती माझ्याबरोबर येणार आहे. तिला फक्त कन्नड येते, तेव्हा "भाषा कळत नाही" म्हणून तिला परत पाठवू नये.

सोबत : यजमानांचा मृत्यूचा दाखला, मौनाच्या वहीची दोन पाने, एक्स-रे व दवाखान्याचा कागद, यल्लव्वाचे अंगठा उठवलेले निवेदन.

७. आणखी एक आगाऊ कळवते, म्हणजे नंतर कोणी वेगळे लिहून घेऊ नये. परवा रंजिताने आजोळच्या शेजारणीच्या फोनवरून बापाला सांगितले की उद्या, २६ जानेवारीला, शाळेच्या झेंडावंदनात ती लेझीम खेळणार आहे, पहिल्या रांगेत. त्याने "येतो" म्हणून शब्द दिला. आपल्या कोणत्याही कागदात त्याला मनाई नाही, मी दोनदा वाचले. तो शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहील, कोणाशी बोलणार नाही, खेळ संपला की परतेल. त्याला "धमकावण्यास आला" असे म्हणून पकडू नये, ही विनंती. मी त्याला जाऊ नको म्हणाले नाही. आज दुपारी तीन वाजता त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, डाव्या हाताने बटणे लावली, मला नमस्कार केला आणि बसस्टँडकडे चालत निघाला.

लेखी उत्तराच्या अपेक्षेत,
श्रीमती शारदाबाई कृष्णमूर्ती सुळाखे
राजाजीनगर, बेंगळुरू
शनिवार, दि. २५ जानेवारी २०२५

(प्रत आजच ईमेलने, मूळ अर्ज स्पीड पोस्टाने.)