घडीघडी चिरलेली मेणबत्ती

पांढुर्णा

इंदूच्या बाबांना इंदूच्या मायचा मानाचा जयभीम.

इंदू बरी आहे. दिवस भरून गेले, पण आपलं नातवंड काही यायचं नाव घेत नाही. डॉक्टरीणबाई म्हणते, वाट पाहा. मले नुसतं बसून राहवते का?

म्हणून मी शेजारच्या लीलाबाईकडून मेणबत्त्या कराले शिकून राहिली. पपईच्या पानाच्या पोकळ देठाले खालून बूच लावायचं, मधोमध सुताची वात धरायची, वितळलेलं मेण ओतायचं अन् थंड पाण्यात उभं ठेवायचं. या वयात मोठी मजा येते! पण वैशाखात मेण लवकर थिजत नाही, अन् मी घडीघडी देठ चिरून पाहते. साऱ्या मोडल्या. इंदू पोट धरून हसली, "माय, मेणाले तरी त्याच्या वेळेनं येऊ दे!"

काल एक साजरी, अख्खी निघाली. बुद्धपौर्णिमेले विहारात लावीन.

तुम्ही वेळेवर जेवता ना? म्हशीले वैरण घालता?

इंदूचे पाय थोडे सुजले आहेत. भ्यायचं काही नाही. जावईबापू कामावर गेले की घरी आम्ही दोघीच. बाळ झाल्याच्या तारेची वाट पाहू नका, सौंसरहून पहिली बस धरा. मी भेली नाही. पण तुम्ही या.

तुमची,
गिरजा