आईची पाच बोटं

चकलांबा, मंगळवार, १४ मे. संध्याकाळ.

जुना फ्रिज गेला. दूध संस्थेच्या योजनेत सभासदाने जुना फ्रिज दिला की कमी वीज खाणारा नवा सवलतीत मिळतो. अर्ज मीच भरला. वडील, म्हणजे आबा, शाळेत गेलेले नाहीत; घरात शिकलेली मी एकटीच.

दुसऱ्याला द्यायची वस्तू स्वच्छ असावी, म्हणून सकाळी टँकरचं अर्धी बादली पाणी खर्चून फ्रिज घासला. त्याच्या बाजूवर आईने खंडेनवमीला उठवलेली कुंकवाची पाच बोटं होती. तीही घासली. हात चालत होता, डोकं कुठे होतं? आई जाऊन दोन वर्षं होतील. तिच्या हाताची दुसरी खूण घरात नाही.

टेम्पोवाला हसला. "ताई, हे तर तोडायला चाललंय. दुष्काळात ह्याला आंघोळ घातली व्हय?"

तेवढ्यात आबा शेतातून आले. सरळ त्या बाजूला जाऊन त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. वाकून पुन्हा पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आईची बोटं कावून पुसली गं?" एवढंच. मग आबाच टेम्पोवाल्याला म्हणाले, "शिकलेली हाय पोरगी. कागदात लिव्हलं आसंल, धुऊन द्या म्हून."

तेव्हापासून अर्जाची प्रत तीनदा वाचली. तसं कुठेच लिहिलेलं नाही. आबांना सांगायला हवं. जेवताना ते शेजारच्या काकांनाही तेच सांगत होते, आणि मी भाकरी वाढत राहिले.