नाचणीतला कुळीथ

नेवरे, २ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वैदेहीस हेमाताईचे अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या शिवणाच्या तासाला सिस्टर आपला धावदोरा सरळ आहे का ते पट्टी ठेवून बघायच्या आणि तू रुमालात तोंड लपवून हसायचीस, आठवतं? त्या पट्टीनेच यंदा माझा घात केला. नाचणी लावताना मी दोरी धरून सरळ ओळी आखल्या, वरच्या बांधापासून थेट खालपर्यंत. अंगणातून काय देखण्या दिसतात!

तू एसटीने पाठवलेलं टोकणयंत्र आलं. उभ्या नाचणीतून ढकलायचं, चोचींतून कुळीथ पडत जायचा, आणि नाचणी काढली तरी जमीन उघडी पडायची नाही. मला तर कधी एकदा चालवून बघते असं झालं होतं. पण उतारावर ते मलाच ओढत खाली घेऊन गेलं! चिमा कामाला आली होती. तिने विचारलं, ताई, गाडी शिकताय की बी पेरताय. वर संध्याकाळी सर आली आणि सगळं बी माझ्या सरळ ओळींतून वाहून खालच्या दगडी गडग्याशी गोळा झालं.

आपल्या भावाचं, चिंतामणीचं, तुला ठाऊकच आहे. यंदाही परतीच्या पावसात माती वाहिली तर आईची ही वरकस, उताराची जमीन तो हॉटेलच्या पार्किंगला देणार. फॅमिली ग्रुपवर तोही आहे, म्हणून हे पत्र. काय करू गं?

तुझी,
हेमाताई

दापोली, ९ सप्टेंबर

ती. हेमाताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की ह्यांच्या हातातला चहा सांडला. मग मात्र काळजी वाटली. उतारावर उभ्या ओळी म्हणजे पाण्याला आयती वाट. इथल्या एका ओळखीच्या बागायतदारांना विचारलं. ते म्हणाले, कुळीथ उताराला आडवाच हवा. त्यासाठी यंत्राच्या चाकापुरती नाचणी उपटून आडवे पट्टे काढावे लागतील. पाणी जिथे जोर धरतं, तिथे आधी.

दाणा कमी होईल, ताई. आणि पोटरीला आलेली, कणसं धरू लागलेली नाचणी उपटायला तुझा हात धजेल का, सांगता येत नाही. मला विचारशील तर उपट. चिंतामणीला मी काही बोललेले नाही. कंबर सांभाळ.

माया आहेच, पण उत्तर लवकर धाड.

तुझी,
वैदेही

नेवरे, ५ नोव्हेंबर

चि. सौ. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

उपटली! पहिला पट्टा निघेपर्यंत चिमा पाठ फिरवून बांधावर बसली होती, असलं पाप बघवत नाही म्हणाली. मग उठली आणि मला बाजूला सारून स्वतःच उपटू लागली, कारण म्हणे मी मुळं तशीच ठेवत होते. त्या आडव्या पट्ट्यांतून मग यंत्राने पुन्हा कुळीथ टोकला.

परतीचा पाऊस धो धो आला. मी छत्री घेऊन शेतातच उभी. पाणी ओळींतून धावत यायचं, कुळिथापाशी अडखळायचं, माती तिथेच सोडायचं आणि मग सावकाश पुढे जायचं. किती वेळ बघत होते कोण जाणे. पाय भिजले तेही कळलं नाही.

भाऊबीजेला चिंतामणी आला. तू यायला हवी होतीस. कुळिथाचा वेल उचलून त्याने खालची माती चाचपली. नाचणी केवढीशी झालीय, म्हणाला. मी हो म्हटलं. ओवाळून झाल्यावर म्हणाला, हॉटेलवाल्यांना नाही कळवतो, पण पुढच्या वर्षी ओळी मी आखणार, तू दोरीला हात लावायचा नाही.

नाचणी खरंच थोडी आहे, म्हणून वाटण्या नीट वाच. तुझ्या लेकाबरोबर, अनिशबरोबर, हे पत्र, दोन पिशव्या आणि यंत्र येतंय. मोठी चिंतामणीची, तो निघताना नको म्हणाला, तरी अनिशने मुंबईला जाताना ती पोचवायचीच. लहान तुझी, त्यातली थोडी त्या बागायतदारांच्या घरी दे. यंत्रही त्यांना वापरायला दे, पावसाळ्याआधी परत हवं. चिमाची नाचणी तिच्या घरी पोचली. माझ्या वाट्याची मी बियाण्याला ठेवली आहे. ती भाकरीला कुणी मागायची नाही, मीसुद्धा नाही.

तुझी,
हेमाताई